हे लेकरू आमचेच

शास्त्रपाठ : योहान ९ : १–३८

प्रियहो, योहानाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात एक जन्मांध मनुष्य वाटेवर बसलेला आपणांस दिसतो. प्रभु येशू व त्याचे शिष्य त्या वाटेने जात आहेत. त्या भिकाऱ्यास पाहून शिष्यांच्या मनात दया उपजली की नाही, हे शास्त्र सांगत नाही. प्रश्न मात्र उपजला. हा असा जन्मला, तर पाप कोणाचे? ह्याचे स्वतःचे, की ह्याच्या आईबापांचे? मनुष्य समोर बसला आहे, त्याचे डोळे मिटलेले असले तरी कान उघडे आहेत, आणि त्याच्या देखत त्याच्या घराण्याच्या दोषाची चर्चा चालली आहे. प्रभूने तो प्रश्नच मोडून काढला. ह्याचेही पाप नाही व ह्याच्या आईबापांचेही नाही, असे त्याने स्पष्ट सांगितले, आणि पुढे वाद न घालता तो कामास लागला.

ह्या गोष्टीस दोन हजार वर्षे होत आली, तरी शिष्यांचा तो प्रश्न आमच्या घरांतून अद्याप गेलेला नाही. ज्या एका प्रसंगी तो फार निष्ठुरपणे विचारला जातो, त्या प्रसंगाविषयी आज आम्ही लिहीत आहो. सावळ्या आईबापांच्या पोटी कधी कधी असे मूल जन्मते की ज्याची कांती दुधासारखी, केस पांढरे किंवा पिवळसर, पापण्याही पांढऱ्या, आणि डोळे उजेडात मिटणारे असतात. डॉक्टर लोक ह्या स्थितीस अल्बिनिझम म्हणतात. मराठीत आपण वर्णहीनता म्हणू. आणि येथे वर्ण म्हणजे जात नव्हे, केवळ रंग. गल्लीतील पोरे मात्र शब्द शोधत बसत नाहीत. ती 'भुऱ्या' म्हणतात, 'इंग्रज' म्हणतात, 'गोरा साहेब' म्हणून मागे धावतात. पोरांचे एक वेळ सोडून देऊ. घरातील वडील माणसे काय म्हणतात, हा आमच्या आजच्या विचाराचा विषय आहे.

मुंबई म्हटली की आमच्या खेड्यांतील वाचकांपुढे समुद्र, आगगाड्या व उंच इमारती उभ्या राहतात. परंतु त्याच शहराच्या पोटात, गोरेगाव स्टेशनाच्या पूर्वेस, आरे कॉलनी म्हणून सुमारे तेराशे हेक्टरांचा जो हिरवा पट्टा आहे, तेथे गेलेला मनुष्य आपण आपल्याच गावी परत आलो की काय, असे म्हणेल. खांबाचा पाडा, केलटी पाडा, नवशाचा पाडा, मरोशी पाडा अशा पाड्यांतून वारली व इतर आदिवासी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. शहरातील गोठे एका जागी आणावे म्हणून १९४९ साली तेथे दुग्धवसाहत वसविण्यात आली. दारा खुरोडी ह्या गृहस्थांनी त्या कामी पुढाकार घेतला, व १९५१ साली पंडित नेहरूंच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. बत्तीस युनिटांत मिळून सोळा हजारांच्या आसपास म्हशी बांधता येतील, अशी तेथील योजना होती. तेव्हापासून मुंबईच्या कित्येक घरांतील सकाळचा चहा आरेच्या दुधावर झाला.

म्हैस म्हणजे काळ्या रंगाचे दुसरे नावच. तथापि म्हशीच्या पोटीही क्वचित पांढरे रेडकू जन्मते. ब्राझील देशातील मुऱ्हा म्हशींच्या कळपांत अशी रेडके जन्मली, तेव्हा विद्वानांनी त्यांची तपासणी केली. आणि मनुष्याच्या वर्णहीनतेच्या एका प्रकारात जे जनुक बिघडलेले असते, तेच त्या रेडकांतही बिघडलेले आढळले. आता ज्यांच्या दावणीला जनावर आहे, अशा आमच्या वाचकांस आम्ही विचारतो : व्यालेली म्हैस आपले रेडकू कसे ओळखते? ती त्याचा वास घेते, त्यास चाटते, आणि ते लटपटत उठून कासेपाशी आले म्हणजे त्यास पिऊ देते. रेडकू काळे की पांढरे, ह्याचा पंचनामा ती करीत नाही. हे कोणाचे, असा संशय तिच्या गोठ्यात कोणी काढीत नाही. तो संशय काढण्याची विद्या मनुष्यापाशीच आहे.

एक घर डोळ्यांपुढे आणा. हे कोणा एका ठराविक कुटुंबाचे चित्र नव्हे. अशी घरे गावोगावी आहेत, आणि हे आरेतील आहे असे समजा. बाप तबेल्यात कामास आहे. पहाटे तीन वाजता तो धारा काढण्यास जातो. आई दवाखान्यात बाळंत होऊन घरी आली आहे. दुपट्यात गुंडाळलेले मूल पाहून सासू क्षणभर बोलत नाही. मग म्हणते, "आमच्या सात पिढ्यांत असं कोणी झालं नाही." थोड्या वेळाने पुन्हा म्हणते, "ग्रहण पाळायला सांगितलं होतं, पाळलंस का गं?" शेजारीण पाळण्यात डोकावून हसत हसत विचारते, "अगं, हे गेलंय तरी कोणावर?" ती थट्टा आहे असे शेजारणीस वाटते. परंतु दाराशी उभ्या असलेल्या बापाच्या कानी ती पडते, आणि त्या दिवसापासून तो घरात कमी बोलू लागतो. तो बायकोस काही विचारीत नाही. विचारले असते तर बरे झाले असते, कारण विचारलेल्या गोष्टीस उत्तर देता येते. मुक्या संशयास ती बिचारी काय उत्तर देणार?

प्रियहो, हा संशय आजचा नाही. हनोखाचा म्हणून एक प्राचीन ग्रंथ आहे. आमच्या पवित्र शास्त्रात त्याचा समावेश नाही. इथिओपियाच्या मंडळीने मात्र तो शास्त्रात धरला आहे. त्यात नोहाच्या जन्माची एक कथा आहे. मूल जन्मले ते हिमासारखे पांढरे व गुलाबासारखे तांबूस, केस लोकरीसारखे शुभ्र, आणि डोळे उघडले तेव्हा घर उजेडाने भरून गेले. बाप लामेख हा भ्याला. हे आपले मूल नव्हे, कोणा स्वर्गीय दूताचे असावे, असे त्याच्या मनाने घेतले, आणि तो आपला बाप मथुशलह ह्याजकडे धावला. मृत समुद्राच्या काठच्या गुहांत १९४७ साली ज्या गुंडाळ्या प्रथम सापडल्या, त्यांतील एकीतही ही कथा आली असून तेथे लामेखाची बायको रडत, शपथ घेऊन नवऱ्यास सांगते की हे बीज तुमचेच आहे. १९५८ साली आर्नल्ड सॉर्सबी नावाच्या इंग्रज नेत्रवैद्यांनी ब्रिटिश मेडिकल जर्नल ह्या पत्रात नोहा वर्णहीन होता की काय, ह्याविषयी एक छोटा लेख लिहिला. नोहा तसा होता, असे आम्ही म्हणत नाही. ही कथा शास्त्रवचनही नव्हे. परंतु ज्याने ती लिहिली, त्याने असे घर पाहिले असले पाहिजे, एवढे आम्हांस निश्चित वाटते. पांढऱ्या केसांचे मूल, भ्यालेला बाप, रडून शपथ घेणारी आई व सल्ला विचारला जाणारा आजा : आरेच्या त्या घरात आम्ही जे पाहिले, ते सर्व येथे आहे.

कथेचा शेवट काय? मथुशलह हा हनोखाकडे जातो, आणि निरोप आणतो : लामेखास सांगा, मूल खरोखर त्याचेच आहे, त्याचे नाव नोहा ठेवा. ज्याच्याविषयी बाप संशयात पडला होता, त्याच लेकराच्या तारवात पुढे सर्व घराणे वाचले.

आता तो निरोप आजच्या ज्ञानाच्या भाषेत सांगू, कारण सत्य कोणत्याही दाराने आले तरी ते देवाचेच आहे. आपल्या शरीरात मेलानिन नावाचे एक रंगद्रव्य तयार होते. कातडीचा सावळेपणा, केसांचा काळेपणा व डोळ्यांचा रंग हे त्याचे काम. ते तयार करण्याची सूचना ज्या जनुकांत असते, त्यांच्या जोड्या असतात. प्रत्येक जोडीतील एक आईकडून व एक बापाकडून मिळते. एक बिघडलेले असून दुसरे चांगले असेल, तर चांगले ते काम निभावून नेते, आणि त्या मनुष्यास आपण काही वाहून नेत आहो ह्याची जन्मभर गंधवार्ताही नसते. अशा दोन माणसांचे लग्न झाले आणि मुलास दोघांकडूनही बिघडलेलेच जनुक मिळाले, तर ज्या वर्णहीनतेत केस, कातडी व डोळे ही तिन्ही फिकट असतात, ती त्या मुलाच्या वाट्यास येते. अशा जोडप्याच्या प्रत्येक गरोदरपणी हा संभव चारांत एक एवढा असतो. पहिले मूल तसे झाले म्हणून पुढील तीन तशी होणार नाहीत, असा हिशेब येथे चालत नाही. दर वेळी तो नव्याने चारांत एक एवढाच असतो.

ह्याचा अर्थ नीट ध्यानी घ्या. ज्या बापास मूल परक्याचे वाटले, त्या बापाकडून अर्धी सूचना आल्यावाचून ते मूल असे जन्मलेच नसते. ज्या गोष्टीस तो बायकोविरुद्ध पुरावा समजतो, ती ते मूल त्याचे असल्याचीच खूण आहे. आणि जी सासू सात पिढ्यांची साक्ष काढते, तिच्याच घराण्यातून ते जनुक कितीतरी पिढ्या गुपचूप चालत आले असेल. ग्रहणाचा येथे काही संबंध नाही. आईने काय खाल्ले, काय पाहिले, कोठे गेली, ह्याचाही नाही. लंडनच्या आर्चिबाल्ड गॅरड नावाच्या वैद्यांनी १९०८ सालच्या आपल्या व्याख्यानांत वर्णहीनता ही शरीराच्या रासायनिक क्रियेतील जन्मजात उणीव असल्याचे मांडले. म्हणजे हे ज्ञान शंभरांवर वर्षांचे जुने आहे. ते आमच्या ओसरीपर्यंत पोहोचू नये, ही लाज आमची आहे.

एक गोष्ट सांगणे जरूर आहे. आमच्याकडे मामाच्या मुलीशी लग्न करण्याची चाल पुष्कळ घराण्यांत आहे. जवळच्या नात्यात एकाच पूर्वजाकडून एकच गुप्त जनुक दोघांस मिळण्याचा संभव अधिक असतो, म्हणून अशा लग्नातून ही स्थिती अधिक वेळा उद्भवते. पुढील सोयरिकी ठरविताना वडीलधाऱ्यांनी ह्याचा विचार करावा. परंतु ज्यांचे लग्न झाले आहे व ज्यांच्या मांडीवर लेकरू आहे, त्यांच्या तोंडावर हे फेकू नये. काही ना काही बिघडलेली सूचना आपण सर्वच जण वाहत असतो. ज्याच्या घरी ती उघड झाली नाही, तो अधिक शुद्ध ठरत नाही.

आता त्या मुलाच्या शरीराविषयी. हे कोड नव्हे. कोडात असलेला रंग मागाहून जागोजाग जातो. हा महारोग तर नव्हेच नव्हे. हा स्पर्शाने, ताटात जेवल्याने किंवा एका अंथरुणात निजल्याने कोणास होत नाही. ह्याने बुद्धीस काही उणेपणा येत नाही. उणेपणा येतो तो कातडीस व दृष्टीस. रंगद्रव्य हे उन्हापुढचे छत्र आहे; ते नसल्यामुळे कातडी लवकर भाजते, आणि वर्षानुवर्षे भाजत राहिली तर तिचा कर्करोग होण्याची भीती असते. डोळ्याचा पडदा पूर्णपणे घडण्यासही तेच द्रव्य लागते. म्हणून चष्म्याने काही मदत झाली तरी दृष्टी बहुधा अधूच राहते, उजेड सहन होत नाही, आणि बुबुळे आपोआप इकडून तिकडे हलत राहतात.

ह्या हलत्या डोळ्यांनी किती घरांत गैरसमज केले असतील! तान्हे मूल आईकडे टक लावून पाहत नाही, म्हणून आईस वाटते की हे मला ओळखीतच नाही. आणि तिचे आधीच दुखावलेले मन आणखी मागे सरते. मूल मोठे होते, रस्त्याच्या पलीकडून मामा हाक न मारता हात करतात, आणि ते हात करीत नाही. मामा म्हणतात, शिष्ट आहे. शाळेत फळा दिसत नाही, म्हणून ते लिहून घेत नाही. गुरुजी म्हणतात, आळशी आहे. ते वाचताना पुस्तक नाकाशी धरते. आजा म्हणतो, डोळे बिघडतील. वस्तुतः तसे धरल्याने डोळे बिघडत नाहीत. त्याला तसेच दिसते. अशा रीतीने न पाहण्याचा दोष त्या मुलाकडे जातो, परंतु ह्या सर्व प्रसंगांत न पाहणारे कोण होते?

येथे आम्हांस आमचा एक अपराध कबूल केला पाहिजे. पुष्कळ वर्षांपूर्वी एका गावी रविवारच्या शाळेत गोष्ट सांगत असता, पांढऱ्या केसांची एक लहान मुलगी मान एका बाजूस कलती करून आमच्याकडे तिरपे पाहत बसली होती. आम्ही तिला दोनदा दटावले, "सरळ बस, सरळ बघ." तिने मान सरळ केली, आणि मग ती आमच्याकडे पाहीनाशीच झाली. उपासना संपल्यावर तिची आई हळूच म्हणाली, "साहेब, मान तशी धरली म्हणजेच तिचे डोळे जरा ठरतात. सरळ धरली की सगळं हलतं." आमचा चेहरा दिसावा, म्हणून ते लेकरू मान वाकडी करीत होते, आणि आम्ही प्रेमाची गोष्ट सांगत सांगत त्याला आंधळे केले. ती आई आमच्यावर रागावली नाही. रागावण्याची तिची सवय मोडलेली असावी, आणि तेच आमच्या मनास अधिक लागले.

आता आपण पुन्हा शास्त्रपाठाकडे वळू. त्या अध्यायात आईबाप एकदाच येतात. मुलास दृष्टी आली आहे, परूशी चौकशी करीत आहेत, आणि ते आईबापांस बोलावून विचारतात की हा तुमचाच मुलगा ना? आईबाप म्हणतात की हा आमचा आहे व जन्मांध होता, एवढे आम्ही जाणतो. पुढचे त्यालाच विचारा, तो वयात आलेला आहे. ते असे का बोलले, हे योहान सांगतो : सभास्थानातून आपणांस बहिष्कृत करतील, अशी त्यांस भीती होती. ह्या आईबापांस आम्ही दगड मारीत नाही. समाजाच्या भीतीने मुलापासून एक पाऊल बाजूस सरणारे आईबाप आम्ही आमच्या मंडळ्यांतही पाहिले आहेत, आणि त्यांच्या भीतीत आमचाही वाटा आहे. थोरल्या मुलीस पाहण्यास पाहुणे येणार, तेव्हा धाकट्या पांढऱ्या मुलास मागील दाराने मावशीकडे पाठवितात. लग्नाच्या फोटोत त्यास कडेला उभे करतात, किंवा उभेच करीत नाहीत. कोणी विचारले, तर 'आजारी आहे' म्हणतात. मुलास हे कळत नाही असे समजू नका. दृष्टी अधू असली तरी आपणांस लपविले जात आहे, एवढे त्यास स्वच्छ दिसते. आणि ज्या बहिणीच्या सोयरिकीसाठी त्यास लपविले, ती बहीणही सासरी जाताना भावाविषयीची लाज बरोबर घेऊन जाते.

पुढे काय झाले? सभास्थानाने त्या मनुष्यास घालवून दिले. आईबाप दूर राहिले. शेजारी तर हा तोच की त्याच्यासारखा दुसरा, ह्याच वादात गुंतले होते. तेव्हा त्यास घालवून दिल्याचे ऐकून प्रभूने त्यास शोधून काढले. डोळे देऊन प्रभूचे काम संपले नव्हते. ज्याला आपले म्हणणारे कोणी उरले नाही, त्याला त्याने आपले म्हटले. प्रियहो, वर्णहीन लेकरास त्या तळ्यावर धुतल्याने रंग येणार नाही. आजच्या वैद्यकापाशीही ह्यावर रामबाण औषध नाही, आणि जो कोणी लेप, भस्म किंवा पुडी विकण्यास येईल, त्यास दारातूनच परत लावावे. परंतु त्या अध्यायातील दुसरे काम करण्यास चमत्काराची गरज नाही. शोधून काढणे व आपले म्हणणे, हे आमच्या हातचे आहे.

सर्व जगात ह्या लोकांच्या वाट्यास काय आले, हेही थोडक्यात सांगतो. युरोप व उत्तर अमेरिका येथे सुमारे सतरा ते वीस हजारांत एक मूल असे जन्मते. पूर्व आफ्रिकेतील टांझानिया देशात ते प्रमाण चौदाशेंत एक इतके सांगतात. त्या देशात व मलावीत, वर्णहीन मनुष्याच्या अवयवांनी धन मिळते अशा भ्रमाने, चालू शतकात कित्येकांचे खून झाले, लेकरांचे हात तोडले गेले. आणि काही प्रसंगी त्यांत घरच्यांचेच अंग होते. संयुक्त राष्ट्रसंघाने २०१५ पासून १३ जून हा दिवस वर्णहीनतेविषयी जागृतीसाठी नेमला, आणि त्याच वर्षी ह्या कामी एक स्वतंत्र तज्ज्ञ नेमण्याचे ठरविले. त्या पदावर प्रथम आलेल्या इक्पोन्वोसा एरो ह्या नायजेरियात जन्मलेल्या बाई स्वतः वर्णहीन आहेत. आमच्याकडे सुरा चालत नाही, म्हणून आम्ही निर्दोष, असे मात्र कोणी म्हणू नये. आमच्याकडे जीभ चालते.

ऑक्सफर्ड येथे विल्यम आर्चिबाल्ड स्पूनर ह्या नावाचे एक पाळक होऊन गेले (१८४४–१९३०). ते वर्णहीन होते, त्यांची दृष्टी अधू होती, आणि १९०३ पासून १९२४ पर्यंत ते न्यू कॉलेजाचे प्रमुख होते. बोलताना शब्दांची अक्षरे आलटून पालटून टाकण्याबद्दल जग त्यांस ओळखते; परंतु त्यांच्या विद्यार्थ्यांचे त्यांच्यावर प्रेम होते. हे उदाहरण आम्ही एवढ्यासाठीच दिले की, आपले मूल पुढे काय करील, ह्या चिंतेने आईबापांनी आजच हातपाय गाळू नयेत. मूल मोठ्या पदास चढले तरच प्रीतीस पात्र, असा मात्र ह्याचा अर्थ नव्हे. जे आरेच्या पाड्यात राहून भाजी विकील किंवा दुधाचा हिशेब ठेवील, तेही तितकेच आपले.

मग आम्ही काय करावे? बापास आमचे पहिले सांगणे. मूल मांडीवर घेऊन ओसरीवर, लोकांच्या देखत बसा. तुमच्या बायकोच्या बाजूने शंभर शपथांनी जे होणार नाही, ते एवढ्याने होईल. सासूबाईंस सांगणे असे की, सुनेस विचारलेला तो प्रश्न परत घ्या. आणि वडील माणसाने शब्द परत घेण्यात कमीपणा नाही. आईस सांगणे असे की, तान्ह्याची नजर ठरत नसली तरी तुमचा आवाज व तुमचा वास ते ओळखते; जवळ घेऊन बोलत राहा.

घरातील व्यवस्था सोपी आहे. पूर्ण बाह्यांचा सदरा, रुंद काठाची टोपी, उन्हाचा चष्मा, आणि डॉक्टरांस विचारून उन्हापासून रक्षण करणारे मलम. दुपारचे खेळणे टाळून सकाळ-संध्याकाळी खेळू द्यावे. खेळच बंद करू नये. वर्षातून एकदा डोळे व कातडी तपासून घ्यावी, आणि न भरणारी जखम किंवा नवा डाग दिसल्यास थांबू नये. शाळेत पहिल्या बाकावर, खिडकीकडे पाठ करून बसवावे. मोठ्या अक्षरांची पुस्तके व भिंग द्यावे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात वर्णहीनतेचे नाव नसले, तरी अल्पदृष्टीचे आहे. चष्मा लावूनही चांगल्या डोळ्याची दृष्टी ठरविलेल्या मापापेक्षा कमी भरली, तर सरकारी रुग्णालयातून त्याचा दाखला मिळू शकतो, आणि दाखल्याच्या टक्केवारीप्रमाणे शिक्षणात व परीक्षेत सवलती मिळतात. हा दाखला घेण्यास लाजू नये. तो भिकेचा कागद नव्हे, हक्काचा आहे.

मंडळीने काय करावे? गीतांच्या पुस्तकाची एक मोठ्या अक्षरांतील प्रत लिहून ठेवावी. उघड्यावर सभा असेल, तेव्हा झाडाखालची जागा त्या कुटुंबासाठी राखावी. अशा मनुष्यास भेटताना आपण होऊन नाव सांगावे, म्हणजे त्यास चेहरा ओळखण्याची धडपड करावी लागणार नाही. आणि पाळकांनी, आमच्याप्रमाणे, मान सरळ करण्यास सांगू नये.

सावलीवरून आरेचीच एक गोष्ट आठवते. ऑक्टोबर २०१९ मध्ये मेट्रोच्या कारशेडसाठी तेथील दोन हजारांहून अधिक झाडे अल्पावधीत तोडण्यात आली. कालपर्यंत ज्या वाटेवर सावली होती, तेथे दुसऱ्या दिवशी ऊन उतरले. त्या कामाचा वाद आम्ही येथे काढीत नाही. परंतु सावली गेली म्हणजे काय होते, हे ज्यांनी पाहिले, त्यांस आमचे म्हणणे चटकन समजेल. वर्णहीन लेकरू जन्मतःच आपल्या अंगची सावली गमावून येते. देवाने त्यास आईबाप, आजा-आजी, भाऊ-बहीण व मंडळी दिली, ती अशासाठी की त्यांनी त्याची सावली व्हावे. १२१ व्या स्तोत्रात देव स्वतःस आपल्या लोकांची सावली म्हणवितो. ज्या नावाची देवास लाज वाटली नाही, त्या कामाची आम्हांस वाटावी काय?

म्हणून, प्रियहो, पाप कोणाचे, हा प्रश्न आज संध्याकाळीच घराबाहेर काढा. आणि उद्या कोणी पाळण्यात डोकावून हे कोणावर गेले म्हणून विचारील, तेव्हा घरातील सर्वात मोठ्या माणसाने उंच आवाजात उत्तर द्यावे की, आमच्यावर गेले. हे लेकरू आमचेच. तसे बोलण्याचे धैर्य प्रभु आपणां सर्वांस देवो. आमेन.